नाइट ड्यूटीही व्यायामातच धरा

माझ्या स्वयंपाकघराच्या दारामागे कालनिर्णय टांगलेलं असतं. त्यावर दुधाचे खाडे, सिलिंडर लावल्याची तारीख, पोराच्या क्लासच्या फीची खूण, आणि प्रत्येक चौकटीच्या कोपऱ्यात शिसपेन्सिलीनं लिहिलेला एक बारीक आकडा. ५८, ५७, ५९, ५८, ६६. ज्या दिवशी तो ६६ दिसतो त्या दिवशी माझे बूट बाल्कनीतच राहतात. सासूबाईंनी एकदा विचारलं होतं, "सोन्याचे भाव लिहून राहिली काय वं रोज?" ती माझी सकाळची नाडी आहे.

मी नागपुरातल्या एका रुग्णालयात स्टाफ नर्स आहे, वय ४४. मॉर्निंग, इव्हिनिंग, नाइट अशी पाळी फिरती. सहा वर्षांपासून पळते. पहिली दोन वर्षं मजेत गेली. मग पळणाऱ्यांच्या आमच्या ग्रुपमध्ये हाफ मॅरेथॉनचं ठरलं आणि माझ्या अंगात आलं. आठवड्यात पाच दिवस पळणं, दोन दिवस जिम, सुट्टी कुठेच नाही. नाइट संपली की युनिफॉर्म बदलून बूट चढवायचे, स्कूटरच्या डिक्कीत डबा आणि नॅपकिन टाकायचा, की थेट फुटाळा तलाव. लोक म्हणायचे, सिस्टर, कमाल आहे तुमची. मलाही तसंच वाटायचं.

ऑक्टोबरात घसा धरला. नोव्हेंबरात तीन दिवस ताप. डिसेंबरात पोट बिघडलं, आणि जानेवारीत शर्यतीच्या आदल्या रात्री पुन्हा घसा, अंगात कणकण. सकाळी पॅरासिटॅमॉल घेतली आणि २१ किलोमीटर पळून आले. मेडल मिळालं, सोबत खोकलाही मिळाला. तो होळीपर्यंत टिकला. वॉर्डातल्या डॉक्टरांनी छातीला स्टेथो लावला आणि एवढंच म्हणाले, "सिस्टर, तुमच्या पेशंटला करू दिलं असतं का हे?"

त्यानंतर जे बदललं ते खाली लिहिते. मी कोच नाही. पण आजारी माणसं रोज बघते आणि स्वतः भरपूर आजारी पडून झाली आहे.

सगळं एकाच खात्यात मांडा

माझी चूक काय होती? मी व्यायामाचा हिशेब फक्त किलोमीटरमध्ये करायची. शरीर तसा करत नाही. चढावर पळताना जे ताणाचे संप्रेरक रक्तात वाढतात, तेच जागरणानं वाढतात, उपाशी राहिल्यानं वाढतात, घरात भांडण झालं तरी वाढतात. अंगाचं खातं एकच. तुम्ही पावत्या वेगवेगळ्या ठेवा, पैसे तिथूनच जातात.

म्हणून मी आता एक नाइट ड्यूटी म्हणजे एक जड व्यायाम धरते. महालक्ष्म्यांचे तीन दिवस ओट्यासमोर उभं राहून सोळा भाज्या केल्या, तर ते तीन दिवस जडच. घरचं लग्न, परीक्षेचा आठवडा, रात्रीचा आठ तासांचा प्रवास, नवरात्राचे कडक उपास, सगळं जड. तुमची यादी निराळी असेल. बुटीबोरीच्या कारखान्यात पाळीत काम करणाऱ्याची निराळी, रात्री लेकरू उठवतं त्या आईची निराळी. पण यादी करा, आणि कागदावर करा. मनातल्या मनात केली की आपण स्वतःला फार सूट देतो.

मैदानावर पोलीस भरतीची पोरं भेटतात. त्यांना मैदानी चाचणीचे ५० गुण, त्यातले २० एकट्या १६०० मीटरचे. म्हणून पोरं रोज १६०० मीटर जीव तोडून पळतात, रोज वेळ लावतात, आणि रात्री कुठे तरी डिलिव्हरी नाही तर वॉचमनची नोकरी करतात. त्यातला एक मला म्हणाला, "काकू, टाइम वाढूनच राहिला बे... माफ करा, वाढूनच राहिला. अन् दर महिन्याले सर्दी." त्याला मी एवढंच सांगितलं, की जीव तोडून आठवड्यातून दोनदाच पळ, बाकी दिवस गप्पा मारत पळ. त्याला ते पटलं नाही. त्या वयात मलाही पटलं नसतं.

नाडी कशी बघायची

नाडी मोजणारं घड्याळ असलं तर ठीक, नसलं तर बोटं पुरतात. जाग आली की उठू नका, मोबाइल हातात घेऊ नका, लघवी अगदीच थांबत नसेल तरच उठा आणि येऊन पाच मिनिटं पुन्हा पडा. अंगठ्याच्या मुळाशी, मनगटावर, दुसऱ्या हाताची तर्जनी आणि मधलं बोट हलकेच ठेवा. अंगठा वापरू नका, त्याची स्वतःची नाडी लागते. भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून पूर्ण ६० सेकंद मोजा. १५ सेकंद मोजून चारानं गुणू नका. एक ठोका इकडचा तिकडे झाला की चार ठोक्यांचा फरक पडतो, आणि आपल्याला शोधायचाय तो फरकच तेवढासा असतो.

दोन आठवडे असं रोज लिहा. तुमचा नेहमीचा आकडा कळेल. माझा ५८ च्या आसपास आहे. तुमचा ७२ असेल, त्यात काही कमी-जास्त नाही, शेजारणीच्या आकड्याशी तुलना करायचीच नाही. नेहमीपेक्षा सात-आठ ठोके जास्त दिसले, तर त्या दिवशी जड काही नाही, चालणं किंवा अगदी सावकाश पळणं. लागोपाठ दोन दिवस तसंच दिसलं तर पूर्ण सुट्टी. बरेचदा तिसऱ्या दिवशी घसा खवखवायला लागतो आणि मग कळतं की अंगाला आधीच कुणकुण लागली होती.

नाडीपेक्षाही एक चांगलं यंत्र माझ्या घरात आहे, माझा पोरगा. तो म्हणतो, "आई, तू आज बिनकामाची चिडून राहिली." असं आठवड्यात दोनदा ऐकलं की मी एक दिवस काढून टाकते. चिडचिड, झोप असून झोप न लागणं, नेहमीचा वेग जड वाटणं, भूक मरणं, पाय सतत भरलेले, ही सगळी त्याच घरची माणसं. बायकांनी आणखी एक बघावं. मासिक पाळी लांबायला लागली किंवा बंदच झाली, तर "बरंच झालं, कटकट गेली" म्हणू नका. पळतो तेवढं आपण खात नाही, याची ती खूण असू शकते. डॉक्टरांना दाखवा आणि हिमोग्लोबिनसोबत फेरिटिनही तपासून घ्या. हिमोग्लोबिन ठीक दिसतं आणि लोहाचा साठा तळाला गेलेला असतो, असं आपल्याकडे बायकांत खूप.

आठवडा कसा लावायचा

आधी सुट्टी लिहा. माझा सगळा बदल इथून झाला. पूर्वी मी व्यायाम लिहून उरलेल्या जागेत विश्रांती बसवायची, आणि जागा उरायचीच नाही. आता महिन्याचा ड्यूटी चार्ट लागला की पहिल्यांदा कॅलेंडरवर सुट्टीचे दिवस गोल करते, मग जड दिवस टाकते, मग हलके.

जड दिवस आठवड्यात दोन, फार तर तीन, आणि दोन जड दिवसांच्या मधे किमान एक हलका किंवा रिकामा दिवस. जड म्हणजे काय? सेमिनरी हिल्सचे चढ, वेगाचे तुकडे (थोडं जोरात, थोडं सावकाश), लांबचा रन, किंवा जिममध्ये पायांचा दिवस. हलकं म्हणजे काय, हे लोकांना कळत नाही, कारण घड्याळ वेग दाखवतं आणि मागचा माणूस पुढे गेला की आपला पाय आपोआप उचलतो. माझी कसोटी साधी आहे. सोबतच्या बाईला सासरची एखादी लांबलचक गोष्ट, मधे धाप न लागता, सगळ्या पात्रांच्या नकलांसकट सांगता आली पाहिजे. वाक्य तुटायला लागलं की वेग कमी. चढावर चाला. कोणी बघत नाही, आणि बघितलं तर बघू द्या.

मॉर्निंगच्या आठवड्यात मी संध्याकाळी पळते: मंगळवारी चढ, गुरुवारी चाळीस मिनिटं हलकं, रविवारी लांबचा रन, शनिवारी घरीच थोडे ताकदीचे व्यायाम. सोमवार, बुधवार, शुक्रवार रिकामे. इव्हिनिंगच्या आठवड्यात हेच सगळं सकाळी. नाइटच्या आठवड्यात जड काही नाही, एकही नाही. झोप झाल्यावर दुपारी चार-पाचला अर्धा तास चालणं, जमलं तर एकदा हलकं पळणं. नाइट संपवून पळायला जाणं मी कायमचं सोडलं. तेव्हा गॉगल लावून सरळ घर गाठायचं, खोलीचे पडदे ओढायचे, कूलर लावायचा, आणि सोसायटीच्या ग्रुपवर "आज ड्रिल मशीन कोण चालवतंय" हा मेसेज टाकायची वेळ येऊ नये अशी प्रार्थना करायची.

दर चौथ्या आठवड्यात सगळं निम्म्यावर आणते. वेळ निम्मा, चढ एकदाच. पहिल्यांदा असं केलं तेव्हा अपराधी वाटलं. पाचव्या आठवड्यात त्याच चढावर पाय हलके पडले, तेव्हा ती भावना गेली.

झोप

झोपेबद्दल सगळे बोलतात म्हणून लोक ते वगळून पुढे वाचतात. एक आकडा सांगते. अमेरिकेत १६४ निरोगी माणसांची झोप आठवडाभर मोजली, मग त्यांच्या नाकात सर्दीच्या विषाणूचे थेंब घातले आणि त्यांना हॉटेलात वेगळं ठेवलं. सहा तासांहून कमी झोपणाऱ्यांना सर्दी होण्याची शक्यता सात तासांहून जास्त झोपणाऱ्यांच्या चौपट निघाली. २०१५ मध्ये हे प्रसिद्ध झालं. विषाणू सगळ्यांच्याच नाकात घातला होता, हे लक्षात घ्या.

म्हणून माझा नियम: रात्री सहा तासांपेक्षा कमी झोप झाली, तर सकाळचा जड व्यायाम रद्द. पाचचा गजर बंद करून परत झोपायचं. ग्रुपमधले काका महावितरणमधून निवृत्त झालेले, शिस्तीचे, त्यांना हे आळशीपणाचं वाटतं. वाटू दे.

शर्यतीनंतरचे दिवस

१९८७ च्या लॉस एंजेलिस मॅरेथॉननंतर तिथल्या धावपटूंना विचारलं होतं. शर्यत पळलेल्यांपैकी सुमारे १३ टक्के पुढच्या आठवड्यात आजारी पडले होते. तयारी तेवढीच करून इतर कारणांनी शर्यत न पळलेल्यांत हे प्रमाण दोन टक्क्यांच्या थोडं वर होतं. बरीच वर्षं असं सांगितलं जायचं की मोठ्या श्रमानंतर काही तास प्रतिकारशक्तीचं दार उघडं राहतं. २०१८ मध्ये ब्रिटनच्या बाथ विद्यापीठातल्या संशोधकांनी त्यावर हरकत घेतली. रक्तातल्या पांढऱ्या पेशी कमी दिसतात कारण त्या फुफ्फुसांत, आतड्यांत पहाऱ्याला गेलेल्या असतात, मेलेल्या नसतात, आणि आजाराचं खरं कारण गर्दी, प्रवास, जागरण, टेन्शन हे असू शकतं, असं त्यांचं म्हणणं. मला नर्स म्हणून दुसरं जास्त पटतं. शर्यतीच्या सकाळी हजारो लोक एकमेकांच्या खांद्याला खांदा लावून शिंकत उभे असतात, एकाच बाटलीतून चार जण पाणी पितात, आणि त्याच हातांनी केळं सोलतात.

वाद कोणीही जिंको, करायचं तेच. बाटली स्वतःची. खायच्या आधी हात साबणानं धुवा. घामानं ओला टी-शर्ट लगेच बदला, डिसेंबरात पहाटे पारा दहाच्या खाली जातो तेव्हा तर नक्कीच. शर्यतीच्या संध्याकाळी लग्नाचं रिसेप्शन असेल तर आहेराचं पाकीट कुणाच्या तरी हाती पाठवा. आणि २१ किलोमीटरनंतर निदान एक आठवडा जड काही नाही.

खाणं

थोडक्यात. रिकाम्या पोटी लांबचा रन करू नका. दीड तासाच्या वर पळणार असाल तर वाटेत तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं पोटात जाऊ द्या. एका मध्यम केळ्यात साधारण २५ ग्रॅम असतात, बाकी खजूर, चिक्की, मीठ-साखर-लिंबाचं पाणी. साखर उतरली की ताणाची संप्रेरकं आणखी चढतात. पळून आल्यावर तासाभरात नीट खा. रविवारी आमचे तर्री पोहे ठरलेले असतात, त्यांच्याविरुद्ध मी एक शब्द बोलणार नाही, फक्त सोबत दोन उकडलेली अंडी किंवा ग्लासभर दूध घेते. पोह्यांत प्रथिनं कमी आणि तर्रीत तर फक्त हिंमत असते.

क जीवनसत्त्वाच्या गोळ्या रोज घेऊन सामान्य माणसाची सर्दी टळत नाही. मॅरेथॉन धावपटू, बर्फात कवायत करणारे सैनिक अशा टोकाच्या श्रमातल्या लोकांवरच्या थोड्या चाचण्यांत मात्र सर्दीचं प्रमाण निम्म्यावर आलेलं दिसलं. मी गोळी घेत नाही. हिवाळ्यात दारावर संत्र्यांचा ठेला येतो, रोज दोन संत्री खाते.

पळण्याआधी दुखू नये म्हणून आयबुप्रोफेन घेणारे दोघे-तिघे प्रत्येक ग्रुपमध्ये असतात. घेऊ नका. घाम गाळताना मूत्रपिंडावर आधीच ताण असतो, त्यात ही भर.

आपला उन्हाळा

पुण्या-मुंबईचे तक्ते इथे चालत नाहीत. मे महिन्यात पारा ४५ ला टेकतो, पहाटे पाचलाही हवा गरम असते, आणि रात्री झोप अर्धवट. तोच वेग, तोच रस्ता, पण नाडी दहा-पंधरा ठोके वर. म्हणजे हलका रन उन्हाळ्यात आपोआप जड होतो. त्याला जडच्याच रकान्यात लिहा.

उन्हाची सवय व्हायला साधारण १० ते १४ दिवस लागतात, तेवढे दिवस वेळ कमी ठेवून वाढवत जा. एप्रिलपासून माझं पळणं साडेसहाच्या आत संपतं. नवतपाच्या, म्हणजे मेअखेरच्या नऊ कडक उन्हाच्या दिवसांत चढ बंद, लांबचा रन बंद, अर्धा तास सावकाश. पळण्याआधी आणि नंतर, घाम पुसून, वजन करून बघा. एक किलो घटलं तर साधारण एक लिटर घाम गेला. तो हळूहळू भरून काढा, नुसत्या पाण्यानं नको. पन्हं, मीठ घातलेलं ताक, आंबील. उन्हात पळताना कोणी बरळायला लागलं, तोल जायला लागला, तर बसवून "होईल ठीक" म्हणत थांबू नका. सावलीत आडवं करा, अंगावर पाणी ओता, वारा घाला, १०८ ला फोन करा. आणि जड व्यायामानंतर स्नायू सुजून लघवी कोल्ड्रिंकसारखी काळपट झाली, तर त्याच दिवशी रुग्णालय, दुसऱ्या दिवशी नाही.

आजारी पडलात तर

मानेच्या वर की खाली, हे बघा. नुसतं नाक वाहतंय, थोडा घसा खवखवतोय, ताप नाही, तर दहा मिनिटं सावकाश चालून बघा. बरं वाटलं तर अर्धा तास हलकं, नाही तर घरी. छातीत खोकला, अंगदुखी, जुलाब, ताप, यांतलं काही असेल तर काही नाही म्हणजे काही नाही. ताप असताना जोर केला तर विषाणूची सूज हृदयाच्या स्नायूपर्यंत जाऊ शकते. क्वचित होतं, पण मी वॉर्डात असे तरुण पेशंट बघितलेत, आणि जानेवारीत गोळी घेऊन पळताना मला ते आठवले नव्हते.

पावसाळ्यात इथे ताप आला की डेंग्यूची शंका आधी घ्या. तापासाठी पॅरासिटॅमॉलच, आयबुप्रोफेन किंवा ॲस्पिरिन नाही. डेंग्यूत ताप उतरतो तेव्हाच धोक्याचे दिवस सुरू होऊ शकतात, त्यामुळे "आता ताप नाही, चला टेकडीवर" हे तिथे अजिबात करू नका. डॉक्टर सांगतील तेव्हाच. नंतरचा थकवा काही आठवडे राहू शकतो.

साध्या तापानंतर परत यायचं माझं गणित असं आहे. गोळीशिवाय पूर्ण २४ तास ताप नको. मग पहिल्या दिवशी घराभोवती वीस मिनिटं चालणं, संध्याकाळी आणि दुसऱ्या सकाळी नाडी. नाडी नेहमीच्या जवळ असेल तर दुसऱ्या दिवशी दोन मिनिटं पळणं, दोन मिनिटं चालणं, असं वीस मिनिटं. तिसऱ्या दिवशी सुट्टी. चौथ्या दिवशी अर्धा तास, गप्पांच्या वेगात. चढ आणि वेग आठवडा उलटल्यावर. चालताना छातीत दुखलं, धडधड झाली, चक्कर आली तर तिथेच थांबून ईसीजी काढून घ्यायचा.

नुकताच दोन दिवस ताप येऊन गेला. आज त्या गणितातला तिसरा दिवस आहे, कॅलेंडरवर ६१ लिहिलंय. ग्रुप साडेपाचला फुटाळ्याहून निघाला असेल. मी आठ वाजता पोह्यांच्या ठेल्यावर जाऊन त्यांना भेटणार आहे, स्कूटरनं.